आधी पडायला शिका: मोठेपणी ज्युदो सुरू करणाऱ्यांसाठी

वाशिम जिल्ह्यात ज्युदो घराघरात पोचला तो शाळेच्या वाटेने. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे, त्यामुळे कारंजा-रिसोडकडची एखादी मुलगी जिल्ह्याला खेळते, पुढे अमरावती विभागापर्यंत जाते. तिला सोडायला-आणायला जाणारे आई-बाप मॅटच्या कडेला बसून सगळं पाहतात आणि कधीतरी त्यांच्याही मनात येतं, हे आपल्याला जमेल का? उत्तर बहुधा घरातूनच मिळतं: "आता या वयात कायले?" या उत्तरामागचे समज एकेक करून तपासायला हवेत. त्यातले काही निव्वळ चुकीचे आहेत. काही मात्र धोक्याचे आहेत, आणि माझा रोख मुख्यतः त्यांच्यावर आहे.

"हा लहानपणीच सुरू करायचा खेळ"

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका मंदिराच्या जागेत कोदोकान ही ज्युदोशाळा सुरू केली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. जुजुत्सु ही जुनी जपानी झुंजकला ते शिकू लागले तेच सतरा-अठराव्या वर्षी. केइको फुकुदा या बाईंनी १९३५ मध्ये, वयाची विशी ओलांडल्यावर, पहिल्यांदा मॅटवर पाऊल ठेवलं. २०११ मध्ये त्यांना दहावा दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची दहावी श्रेणी, मिळाला आणि ९९व्या वर्षी वारल्या तोवर त्या शिकवत होत्या. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाची ज्येष्ठ गटाची जागतिक स्पर्धा तिसाव्या वर्षापासून पुढे असते.

वयाने फरक पडतो, पण तो दुसऱ्या ठिकाणी. चाळिशीतल्या माणसाचे स्नायू काही आठवड्यांत तयार होतात; स्नायूबंध आणि सांधे मागे राहतात. ताकद आली म्हणून माणूस जोर लावतो आणि सांधा बोलायला लागतो. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस पुरेत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर गळा आवळण्याचे डाव करून घ्यायचेच नाहीत, आणि हे पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगायचं.

"कुस्ती खेळलोय, पडायचं काय शिकायचं?"

हा समज आपल्या भागात खास आढळतो. वऱ्हाडात व्यायामाची परंपरा जुनी. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. तालमीत ढाक, टांग, धोबीपछाड पाहिलेल्या माणसाला ज्युदोच्या फेकी ओळखीच्या वाटतात. पकड, तोल, कमरेचा जोर हे सगळं त्याच्या अंगात असतंच.

अडचण पडण्याच्या सवयीत आहे. कुस्तीत पाठ टेकली की चितपट. त्यामुळे पैलवान हवेतच अंग वळवतो, मानेवर पूल करतो, नाहीतर हात टेकतो. ज्युदोच्या फेकीत वेग आणि उंची वेगळी असते. तिथे टेकलेल्या हातावर सगळं वजन येतं आणि मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड जातं. म्हणून पैलवानाला पडण्याचं शिक्षण कोऱ्या माणसापेक्षा जास्त लागतं. त्याला एक पक्की सवय आधी मोडायची असते.

पडण्याच्या या तंत्राला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीला लागत नाही. हात अंगापासून तिरका, तळवा खाली, पूर्ण हाताने मॅटवर थाप. श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग चालता चालता, आणि शेवटी कोणी फेकल्यावर. मोठ्या माणसाला या पायऱ्या कंटाळवाण्या वाटतात आणि तो लवकर 'खरी' लढत मागतो. त्याला ती देऊ नये. उकेमी पक्की होण्याआधी रांदोरी, म्हणजे सरावाची मोकळी लढत, सुरू करणारा वर्ग सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

या घाईची किंमत जपानने मोजली आहे. तिथल्या शाळांमध्ये १९८३ ते २०११ या काळात ज्युदो करताना ११८ विद्यार्थी दगावल्याची नोंद अभ्यासक र्‍यो उचिदा यांनी समोर आणली. त्यांतले बरेच मृत्यू डोक्याच्या मारामुळे झाले आणि नवखी मुलं त्यात पुढे होती. मागे उलटं पाडणारी ओसोतो-गारी ही फेक या प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसते, कारण तिच्यात डोक्याची मागची बाजू आधी आपटू शकते. नवख्या माणसाला ही फेक पूर्ण वेगाने घालायची नाही, हा धडा तिथून घ्यायचा.

इथेच मॅटचंही पाहायला हवं. समाजमंदिराच्या फरशीवर योगाच्या पातळ चटया टाकून फेकी शिकवत असतील तर शिकू नये. ज्युदोची गादी साधारण चार सेंटिमीटर जाड, घट्ट असते आणि दोन गाद्यांमध्ये पायाचं बोट अडकेल अशी फट नसते.

"पहिलवानाकडून चढवून घेऊ"

पाय मुरगळला, खांदा सटकला, की आपल्याकडे पावलं हाडं बसवणाऱ्याकडे किंवा मालिश करणाऱ्या पहिलवानाकडे वळतात. साध्या लचकेवर हळद-चुना लावल्याने फार नुकसान होत नसेल. निखळलेला खांदा मात्र एक्स-रेशिवाय ओढून बसवणं घातक आहे. सांध्याजवळून नस आणि रक्तवाहिन्या जातात, शिवाय हाड मोडलेलं असेल तर ओढल्याने तुकडा सरकतो. चाळिशीनंतर खांदा निखळला तर त्याभोवतीचे स्नायूबंध फाटलेले असण्याची शक्यता वाढते. सांधा जागेवर बसला तरी हात वर उचलता येत नाही तो त्यामुळेच.

कधी जायचं, याच्या खुणा सोप्या आहेत. मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. गुडघ्यात 'कट्' असा आवाज होऊन काही तासांतच तो टम्म सुजला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञ. डोक्याला मार लागून उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बरळणं दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय, रात्र असली तरी. वाशिममध्ये जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. वाट पाहण्याचं कारण नाही.

"दुखापत झाली, आता बरं होईपर्यंत पडून राहा"

वैद्यकीय सल्लाही इथे बदलला आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी रूढ केलं. पुढे त्यांनीच कबूल केलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं. आता पहिले एक-दोन दिवस जपायचं आणि मग दुखणं वाढणार नाही इतपत हालचाल सुरू करायची, असं सांगतात. डोक्याच्या सौम्य माराबाबतही अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजण्याचा सल्ला मागे पडला. एक-दोन दिवसांनी हलकं चालणं चालतं. पकड आणि फेकी मात्र डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय नाहीत.

म्हणून दुखापतीनंतर 'करू की सोडू' असं विचारायचं नाही. आज यातलं काय करता येईल, ते पाहायचं. ज्युदोत सर्वाधिक मार खांदा, गुडघा आणि बोटांना बसतो, तेव्हा तिथूनच पाहू. बोट दुखावलं असेल तर ते शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून पायांच्या फेकींचा सराव होतो. गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घट्ट धरून झोंबणं तेवढं बंद. खांदा दुखत असेल तर त्या बाजूला पडायचं नाही, चांगल्या हाताने पकडून पावलांची चाल घोटायची, किंवा फेकीपर्यंत जाऊन थांबायचं. या सरावाला उचिकोमी म्हणतात आणि त्यात कुणाला पडावं लागत नाही. डावी बाजू शिकण्याची हीच संधी. गुडघा दुखावला असेल तर गोष्ट अवघड, कारण जमिनीवरचे डावही गुडघ्यांवरच चालतात. तेव्हा पाठीवर झोपून सुटण्याच्या आणि कमरेच्या हालचाली, तेही फिजिओथेरपिस्टने मान्य केल्या तर. गुडघ्याच्या मुख्य बंधाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर लढतीला परत यायला किमान नऊ महिने धरावेत. सहाव्या महिन्यात गुडघा चांगला वाटतो आणि माणूस तिथेच फसतो.

"खरा खेळाडू दुखणं सोसून खेळतो"

यासाठी यासुहिरो यामाशिता यांचं नाव हमखास घेतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये उजव्या पोटरीचा स्नायू फाटलेला असताना त्यांनी इजिप्तच्या मोहम्मद रश्वान यांना हरवून सुवर्ण जिंकलं. ते खरंच आहे. पण ती आयुष्यात एकदाच येणारी अंतिम लढत होती. मंगळवार संध्याकाळचा सराव ती नव्हती. याच यामाशितांचा पाय १९८० मध्ये कानी-बसामी या कात्रीच्या फेकीने मोडला होता, आणि पुढे ती फेक स्पर्धांतून बाद झाली. खेळाने तिथे सोसण्याची महती गायली नाही, नियम बदलला.

उलट, शरीर पूर्ण धडधाकट असल्याशिवाय ज्युदो नाही, असं वाटणाऱ्यांसाठी कपिल परमार आहेत. मध्य प्रदेशातल्या सिहोरजवळच्या या खेळाडूची दृष्टी लहानपणी शेतातल्या पंपाचा शॉक लागल्यानंतर गेली. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ६० किलो गटात कांस्यपदक मिळवलं.

शेवटी दोन गोष्टी, ज्यांना कोणी दुखापत म्हणत नाही. एक, गजकर्ण: मॅटवर ते झपाट्याने पसरतं, म्हणून चट्टा दिसला की सराव बंद आणि त्वचारोगतज्ज्ञ, दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं की ते दबतं आणि मग अधिक हट्टी होऊन परत येतं. दुसरी, ऊन: एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा जाड सुती गी घालून पत्र्याच्या छताखाली दुपारी सराव करू नये. सकाळी सहा-साडेसहाची वेळ घ्यावी, दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यावं, आणि जोडीदार अडखळू लागला, भलतंच बोलू लागला तर त्याला ताबडतोब सावलीत नेऊन गी काढावी, अंगावर पाणी ओतावं आणि १०८ ला फोन करावा.