आपल्या पट्टीचे पथ्य

सुरतेत राहून वजन उतरविण्याच्या गोष्टी बोलणे म्हणजे भर लग्नमंडपात मौन पाळण्यासारखे आहे. ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी म्हण ज्या गावाने कमावली, तेथे सकाळी लोचो, थंडीत पोंक आणि उंधियुं, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला तुपाने माखलेली घारी आणि सोबत भुसू! बडोद्याचे आमचे घर सोडून मी शिकवण्यांच्या निमित्ताने येथे आलो, त्याला सतरा वर्षे झाली. या सतरा वर्षांत विद्यार्थी वाढले, थोडे नाव वाढले आणि त्याहून अधिक पोट वाढले.

त्याची जाणीव मात्र एका लहान मुलीने करून दिली. वर्ग संपवून उठताना मी हार्मोनियमच्या पेटीचा आधार घेतला, तशी ती धावत येऊन म्हणाली, “गुरुजी, हात देऊ का?” वय माझे शेहेचाळीस. त्याच आठवड्यात भूपाचा विस्तार शिकविताना वरचा षड्ज धरला आणि मुले अजून धरून असतानाच माझा श्वास तुटला. मुलांनी शहाणपणाने माना खाली घातल्या. गवयाच्या मुलाला याहून मोठी शिक्षा नाही.

आमचे वडील अगदी तरुण वयात बडोद्याच्या दरबारच्या कलावंत कारखान्यात रुजू झाले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, पण त्यांच्या बैठकीतला दरबार शेवटपर्यंत गेला नाही. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. मला आठवतात ते त्यांचे मधुमेहाचे दिवस. पायाची जखम भरेना, मांडी घालवेना आणि खुर्चीवर बसून गाणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी गाणेच सोडले. त्यामुळे डॉक्टरांनी माझी उपाशीपोटीची साखर ११२ आली असे सांगितले, तेव्हा मला तो आकडा दिसलाच नाही. वडिलांची खुर्ची दिसली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वजन ८६ किलो आणि उंची पाच फूट सहा इंच हे आपल्या लोकांच्या हाडापेराला फारच. आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा असे मानतात. माझा १०४ भरला. आपण एकटेच नाही, एवढेच समाधान! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आणि तेरा कोटींहून अधिक लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर उभे असल्याचे आढळले.

मग सुरू झाला उपदेशांचा पाऊस. आपल्या मराठी मंडळींत या विषयाची दोन घराणी आहेत, आणि दोघांचेही शिष्य कडवे. एक घराणे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे. मूळ कल्पना नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांची. दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे, मध्ये काही खायचे नाही आणि रोज चालायचे. दुसरे घराणे ऋजुता दिवेकर यांचे. आजीच्या स्वयंपाकातले, आपल्या मातीतले खा, तुपाला आणि भाताला भिऊ नका, थोडे थोडे आणि वेळेवर खा. एक म्हणते मध्ये काही नको, दुसरे म्हणते फार वेळ उपाशी राहू नका. श्रोत्याने कोणाला दाद द्यावी?

मी दोन्हीकडे हजेरी लावली. दोन जेवणांचा नेम धरला, पण माझे वर्ग रात्री नऊला सुटतात. म्हणून दुसरे जेवण दहाला, तेही दिवसभराची भूक वसूल करीत. भरल्या पोटाने अंथरुणावर पडलो की पहाटे घशाशी आंबट येई आणि खर्ज लागत नसे. रात्री दहाला एवढे जेव असे मला कोणी सांगितले नव्हते. तो उद्योग माझा. मग थोडे थोडे खाण्याकडे वळलो. तेथे आमची सुरत आडवी आली. ‘थोडे’ म्हणजे कधी खमण, कधी सेव खमणी, आणि ‘थोडे’चे ‘आणखी थोडे’ व्हायला वेळ लागला नाही. सल्ल्यात खमण नव्हते. माझ्या वाटेवर होते.

अशा हताश अवस्थेत एका संध्याकाळी एका मुलाला तंबोऱ्यावर बसवीत होतो. त्याचा आवाज चढेना. मी पट्टी उतरवली आणि मुलगा मोकळा गाऊ लागला. तेव्हा डोक्यात लख्ख पडले. राग एकच असतो, पण मी काळी एकच्या मुलाला काळी पाचमध्ये कधी ओढतो का? मग पथ्याच्या बाबतीत दुसऱ्याच्या पट्टीत गाण्याचा हट्ट कशासाठी?

पुढे वाचनात आले की शास्त्रही याहून फार वेगळे सांगत नाही. अमेरिकेत २००५ साली १६० माणसांवर चार प्रसिद्ध आहारपद्धती वर्षभर करून पाहिल्या. कोणती पद्धत यापेक्षा ती किती नेमाने पाळली, यावर वजन उतरणे अवलंबून राहिले. २०१८ साली सहाशेंहून अधिक लोकांवर प्रयोग झाला, एका गटाला स्निग्ध पदार्थ कमी, दुसऱ्याला पिष्टमय कमी. वर्षअखेर दोन्ही गटांची घट जवळजवळ सारखी, पाच-सहा किलो. राग कोणताही घ्या, रियाज चुकवू नका, एवढाच त्याचा अर्थ.

मग मी पंधरा दिवस एक वही केली. बंदिशींची नव्हे, तोंडात काय काय गेले त्याची. चोर सापडला तो ताटात नव्हे, कपबशीत! प्रत्येक शिकवणीच्या घरी आग्रहाचा चहा. दिवसाला सात कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे रोज चौदा चमचे, सुमारे सत्तर ग्रॅम! गृहिणींना नकार द्यायला मला संकोच वाटे. शेवटी धीर करून म्हटले, “ताई, वहिनी, चहा घेईन, पण बिनसाखरेचा.” कोणी रागावले नाही. एका घरी तर दुसऱ्या दिवसापासून यजमानही तसाच चहा घेऊ लागले.

उरलेली घडी माझ्या दिवसाप्रमाणे बसवली. पहाटे रियाज, मग चाळीस मिनिटे चालणे. साडेदहाला पोटभर जेवण: वरण, भाजी, कोशिंबीर, पोळ्या चारांच्या दोन. साडेचारला डब्यातली ज्वारीची भाकरी, उसळ आणि ताक, म्हणजे सहाच्या वर्गाला पोट जड नाही आणि रिकामेही नाही. रात्री परतल्यावर वाटीभर मुगाचे कढण. आणि रविवारी सकाळी सुरतेचे काहीतरी एकच, पण चवीने. गावाशी वैर धरून गावात राहता येत नाही.

माझी ही घडी मी कोणाला नेमून दिली नाही. विद्यार्थ्यांपैकी एकाचे वडील खानदेशातून तापी लाइनने येथे आलेले, मागावर रात्रपाळी करणारे. त्यांनी कोणाचे तरी ऐकून रात्री फक्त फळे खाल्ली आणि मागापाशीच त्यांना भोवळ आली. त्यांनी मग कामावर जाण्यापूर्वी घरचे जेवण, मध्यरात्री डब्यातली कळण्याची भाकरी आणि पहाटेच्या चहाबरोबरचे फरसाण बंद, असे ठरवले. ते त्यांना मानवले. उलट बडोद्याच्या आमच्या मावशींचा व्याप निराळा. त्यांचे उपवास पुष्कळ, आणि उपवासाला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच घरांतून निघाली असावी! त्यांनी साबुदाण्याऐवजी वरी आणि ताक धरले, तेही बेताने. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. साखर एकदम उतरणे जिवावर बेतते.

बडोदेकरांना हे सांगताना थोडा संकोच वाटतो. प्रो. माणिकरावांचा आखाडा ज्या गावात गाजला, आणि जेथे मजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे मराठीत दहा खंड सिद्ध केले, त्या गावच्या माणसाला चालायला डॉक्टरांनी सांगावे लागले! आमच्या आजोळी जोर-बैठका झाल्याशिवाय न्याहारी मिळत नसे. आपण न्याहारी ठेवली आणि बैठका सोडल्या.

आठ महिने झाले. वजन ७९ किलो आहे. साखर १०१, म्हणजे उंबरठा अजून पुरता ओलांडून मागे आलेलो नाही. एखादा चांदनी पडवा मला पुन्हा चार किलो मागे नेईल, ही भीतीही आहे. यंदा घारी आणली ती एक. तिचे घरात चार वाटे केले.

परवा वर्ग सुटला. मी सवयीने पेटीकडे हात नेला आणि मग लक्षात आले की त्याआधीच मी उभा राहिलो होतो. ती मुलगी दारात चपला घालीत होती. तिने पाहिले, पण काही बोलली नाही. घरी आल्यावर वडिलांचा तंबोरा गवसणीतून काढला आणि मांडी घालून बसलो.