जठरातील पॉलिप

जठरातील पॉलिप म्हणजे जठराच्या आतील अस्तरातून पोकळीच्या दिशेने वाढलेला मोडासारखा उंचवटा होय. तो बसका किंवा देठ असलेला असू शकतो. त्याचा आकार काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत असतो. बहुतेक पॉलिपांमुळे कोणताही त्रास होत नाही. छातीतील जळजळ, पोटदुखी किंवा रक्तक्षय अशा दुसऱ्या कारणासाठी एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, केली असता ते आढळतात.

'पॉलिप' हा शब्द केवळ बाह्य आकार सांगतो, रोगाचे नाव सांगत नाही. मोठ्या आतड्यातील काही पॉलिपांचे कालांतराने कर्करोगात रूपांतर होत असल्याने हा शब्द भीतिदायक ठरला आहे. जठरातील बहुसंख्य पॉलिप मात्र वेगळ्या जातीचे व निरुपद्रवी असतात. त्यांतील एक प्रकार आम्लस्राव कमी करणाऱ्या औषधांच्या दीर्घकाळ सेवनाशी संबंधित असल्याचे दिसून आले आहे.

प्रकार

पॉलिपचा प्रकार सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीवरून ठरतो. मुख्य प्रकार तीन आहेत.

फंडिक ग्रंथी पॉलिप : जठराच्या वरच्या व मधल्या भागातील आम्लनिर्मिती करणाऱ्या ग्रंथी फुगून हे तयार होतात. ते सहसा ५ मिलिमीटरांपेक्षा लहान, गुळगुळीत व अनेक असतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कुर्ट एल्स्टर यांनी १९७६ साली त्यांचे वर्णन केले.

हायपरप्लास्टिक पॉलिप : हे जठराच्या अस्तराच्या दीर्घकालीन दाहातून उद्भवतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग हे अशा दाहाचे प्रमुख कारण आहे. संसर्गावर उपचार केल्यावर यांतील अनेक पॉलिप लहान होतात किंवा नाहीसे होतात. मोठ्या पॉलिपमधून हळूहळू रक्त झिरपून रक्तक्षय होऊ शकतो.

ॲडेनोमा : हे तुलनेने विरळ असतात, पण त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता असल्याने ते सर्वांत महत्त्वाचे मानले जातात.

कोणत्या प्रदेशात कोणता प्रकार अधिक आढळतो, हे हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या प्रसारावर व औषधांच्या वापरावर अवलंबून असते. अमेरिकेतील १ लाख २० हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६ टक्के रुग्णांना पॉलिप होते आणि त्यांतील सुमारे ७७ टक्के फंडिक ग्रंथी पॉलिप होते. जेथे या जिवाणूचा संसर्ग व्यापक आहे, तेथे हायपरप्लास्टिक पॉलिपांचे प्रमाण वाढते.

औषधांशी संबंध

जठरातील आम्ल पराइटल पेशी तयार करतात. या पेशींच्या पृष्ठभागावरील 'प्रोटॉन पंप' हे विकर आम्ल जठराच्या पोकळीत सोडते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल इत्यादी औषधे हा पंप बंद पाडतात. म्हणून त्यांना प्रोटॉन पंप रोधक म्हणतात. या वर्गातील पहिले औषध ओमेप्राझोल १९८८ साली बाजारात आले. भारतात ही औषधे 'ॲसिडिटीची गोळी' म्हणून घरोघरी परिचित आहेत.

१९९२ साली ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकात ओमेप्राझोलच्या दीर्घकालीन उपचारादरम्यान जठरात पॉलिप उद्भवल्याची नोंद प्रसिद्ध झाली. नेदरलँड्समधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षे वा अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांमध्ये फंडिक ग्रंथी पॉलिप आढळण्याची शक्यता औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास चौपट असल्याचे त्यात दिसले. अल्पकाळ औषध घेणाऱ्यांमध्ये अशी वाढ आढळली नाही.

या संबंधाचे स्पष्टीकरण पुढीलप्रमाणे दिले जाते. आम्ल कमी झाले की जठराच्या खालच्या भागातील पेशी गॅस्ट्रिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात. गॅस्ट्रिनच्या उत्तेजनामुळे पराइटल पेशी फुगतात व ग्रंथीच्या नलिकेत पुढे येतात. नलिकेचा मार्ग अरुंद होऊन स्राव आत साचतो, ग्रंथी फुगते आणि तिचा उंचवटा दिसू लागतो. औषध बंद केल्यावर असे पॉलिप अनेकदा लहान होतात किंवा विरून जातात, ही बाब या संबंधाला पुष्टी देते. तथापि औषध न घेणाऱ्यांमध्येही हे पॉलिप आढळतात. त्यामुळे प्रत्येक पॉलिपचा दोष औषधाला देता येत नाही.

कर्करोगाचा धोका

औषधांशी संबंधित किंवा तुरळक आढळणाऱ्या फंडिक ग्रंथी पॉलिपमध्ये पेशींचे कर्करोगपूर्व बदल क्वचितच दिसतात. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. 'फॅमिलियल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस' या आनुवंशिक विकारात एपीसी या जनुकात दोष असतो, मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होतात आणि जठरातही असंख्य फंडिक ग्रंथी पॉलिप आढळू शकतात. त्यांत कर्करोगपूर्व बदलांचे प्रमाण बरेच अधिक असते. म्हणून तरुण वयात पुष्कळ पॉलिप आढळल्यास, विशेषतः त्यांत असे बदल असल्यास, कुटुंबातील रोगांची चौकशी व मोठ्या आतड्याची तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो.

निदान व उपचार

डोळ्यांना दिसणाऱ्या स्वरूपावरून प्रकाराचा अंदाज येतो. परंतु खात्रीसाठी पॉलिपचा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. पॉलिप अनेक असल्यास त्यांतील काहींचे नमुने घेतले जातात. हायपरप्लास्टिक पॉलिप किंवा ॲडेनोमा असल्यास भोवतालच्या अस्तराचे नमुनेही घेतात, कारण या प्रकारांत पुढील धोका त्या अस्तराच्या स्थितीवरही अवलंबून असतो.

लहान फंडिक ग्रंथी पॉलिप सहसा काढावे लागत नाहीत. १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे, वेगळे दिसणारे किंवा व्रण असलेले पॉलिप काढले जातात. ॲडेनोमा आढळल्यास तो पूर्णपणे काढून टाकतात व पुढे ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करतात. पॉलिप काढण्यासाठी बहुधा एन्डोस्कोपीतूनच तारेचा फास वापरला जातो. त्यासाठी पोट उघडावे लागत नाही.

औषधाचा फेरविचार

फंडिक ग्रंथी पॉलिप आढळणे हे औषध तत्काळ थांबवण्याचे कारण मानले जात नाही. अन्ननलिकेला तीव्र इजा झालेले रुग्ण, बॅरेट अन्ननलिकेचे रुग्ण, तसेच ॲस्पिरिन किंवा वेदनाशामके घेत असताना रक्तस्रावाचा मोठा धोका असलेले रुग्ण यांच्यासाठी ही औषधे संरक्षक असतात. त्यांनी ती सोडल्यास होणारी हानी निरुपद्रवी पॉलिपपेक्षा कितीतरी मोठी असू शकते.

याउलट, काही आठवड्यांसाठी सुरू केलेली गोळी कोणीही फेरविचार न केल्यामुळे वर्षानुवर्षे चालू राहते, असेही अनेकदा घडते. अशा वेळी पॉलिपचा अहवाल औषधाची गरज तपासण्याचे निमित्त ठरतो. गरज नसल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध थांबवतात. दीर्घकाळ घेतलेले औषध बंद केल्यावर आम्लस्राव काही काळ पूर्वीपेक्षा वाढू शकतो आणि जळजळ परत येते. ही तात्पुरती प्रतिक्रिया मूळ आजार परतल्याची खूण असेलच असे नाही. ती न ओळखल्यास गोळी पुन्हा कायमची सुरू होण्याचा संभव असतो.