पठारावरील खारे पाणी

निजामाच्या अमदानीत जो हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली जो आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणात गेला, आणि किनवट-यवतमाळशी ज्याचा मराठी व्यवहार आजही अखंड आहे, त्या आदिलाबाद जिल्ह्याला समुद्र कोणत्याच दिशेने लाभलेला नाही. तथापि पैनगंगेच्या परिसरातील चुनखडीचे थर अतिप्राचीन समुद्राच्या तळाशीच साचले, हे भूगर्भशास्त्र सांगते. तो समुद्र तर कधीच लोपला. परंतु काचेच्या टाकीत खारे पाणी राखून प्रवाळाची कलमे वाढवावयाची असतील, तर समुद्र जवळ असण्यापेक्षा पाण्याचे स्थैर्य अधिक महत्त्वाचे असते.

प्रथम कायद्याची गोष्ट. ज्या अनुसूचीने कव्वालच्या अरण्यातील वाघाला अभय दिले आहे, त्याच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व अश्मप्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे समाविष्ट आहेत. त्यामुळे समुद्रातून तोडलेला अश्मप्रवाळाचा तुकडा बाळगणे वा विकणे हा गंभीर गुन्हा होय. छंदिष्टाने म्हणून कठीण सांगाडा नसलेल्या छत्रीसारख्या मृदू जातींकडे वळावे, आणि त्याही वनखात्याकडे चौकशी करून, पक्क्या पावतीनिशीच घ्याव्यात. सुदैवाने थोड्या खर्चात टिकणाऱ्या जातीही याच आहेत.

साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद व पंचवीस उंच अशी उथळ टाकी साठ लिटर पाणी धरते. उथळपणामुळे साध्या एलईडी दिव्याचा प्रकाश तळापर्यंत पोहोचतो, आणि प्रवाळाच्या ऊतीत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याच प्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला पुरविते. भरल्या टाकीचे वजन साठ किलोंहून अधिक होत असल्याने खालचा मेज मजबूत असावा. पाणी ढवळते ठेवणारा एक लहान पंप आणि हिवाळ्यासाठी एक हीटर, एवढी सामग्री आरंभी पुरे. काही गावांच्या भूजलात फ्लोराइड असल्यामुळे बोअरचे पाणी टाळून आरओचे पाणी घ्यावे, आणि त्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम या प्रमाणात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ मिसळावे; स्वयंपाकघरातील मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी क्षारांचा अभाव असल्याने ते येथे निरुपयोगी ठरते. आपल्याकडील चुनखडीत मँगनीजही आढळते, म्हणून नदीकाठचा दगड उचलून टाकीत घालू नये.

आदिलाबादेत खरी कसोटी हवामानाची. डिसेंबरात पारा एक अंकी आकड्यावर उतरतो, तर मे महिन्यात तो पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. प्रवाळाला मात्र पंचवीस-सव्वीस अंशांचे उबदार पाणी हवे, आणि ते दीर्घकाळ अधिक तापले की शैवाल बाहेर टाकले जाऊन जीव पांढरा पडतो. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंशांचा दिलासा देतो. परंतु खोलीच तापली असेल तर तो पुरत नाही, म्हणून टाकी घराच्या थंड भागात असावी. वाफ होताना पाणी जाते आणि मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट खाऱ्या नव्हे, तर शुद्ध पाण्याने भरून काढावी. वीज गेली असता बॅटरीवर चालणारा हवेचा पंप उपयोगी पडतो.

टाकी भरताच प्रवाळ आणू नये. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर छत्रीप्रवाळ धारदार पात्याने कापावा, तुकडे लहान खड्यांच्या थाळीत ठेवून वर जाळी ताणावी, आणि प्रवाह मंद ठेवावा. तुकडे काही आठवड्यांत खड्यांना धरतात आणि प्रत्येकातून पूर्ण जीव वाढू लागतो. झोअँथिड नावाच्या प्रवाळजातींत जहाल विष असू शकते. त्या कापताना हातमोजे व चष्मा अनिवार्य. दर आठवड्यास दशांश पाणी बदलावे.

सारांश, ज्याला रोज क्षारता मोजण्याचा व उष्णतामापक पाहण्याचा कंटाळा नाही, त्याने हा छंद अवश्य करावा. ज्याला तो आहे, त्याने महागडी उपकरणे घेऊनही या वाटेस जाऊ नये.