टेनिस चेंडू

टेनिस चेंडू हा टेनिस खेळात वापरला जाणारा, आतून पोकळ असलेला रबरी चेंडू होय. त्यावर लोकर व नायलॉन यांच्या मिश्रणातून बनवलेल्या लवदार कापडाचे आवरण असते. बहुतेक चेंडूंत बाहेरील हवेपेक्षा अधिक दाबाची हवा कोंडलेली असते. डबा उघडल्यापासून हा दाब घटू लागतो. त्यामुळे न वापरलेला चेंडूही कालांतराने निकामी होतो.

रचना

रबराचे दोन अर्धगोल उष्णता व दाब देऊन जोडले जातात आणि त्याच वेळी आत दाबयुक्त हवा कोंडली जाते. त्यावर डमरूच्या आकाराचे कापडाचे दोन तुकडे चिकटवतात. चेंडूवरील वळणदार पांढरी रेघ ही शिवण नसून त्या तुकड्यांमधील रबरी सांधा असतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार प्रचलित चेंडूचे वस्तुमान ५६.० ते ५९.४ ग्रॅम आणि व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटीमीटर असावा लागतो. महासंघाने १९७२ मध्ये पिवळ्या चेंडूला मान्यता दिली. विम्बल्डन स्पर्धेत तो १९८६ पासून वापरात आला.

उसळी

२५४ सेंटीमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. याचाच अर्थ, आदळताना चेंडूच्या ऊर्जेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग मुख्यतः उष्णतेच्या रूपाने खर्च होतो. उरलेली ऊर्जा दबलेले रबर आणि आतील हवा परत देतात. थंड हवेत रबराची लवचीकता व आतील दाब दोन्ही घटतात, म्हणून उसळी कमी होते. उंच प्रदेशात बाहेरील हवेचा दाब कमी असल्याने चेंडू अधिक उसळतो. तेथे वेगळ्या प्रकारचे चेंडू वापरण्याची तरतूद नियमांत आहे.

हवेतील गती

आवरणावरील लव हवेचा विरोध वाढवून चेंडूचा वेग कमी करते. फिरत्या चेंडूभोवतीची हवा एका बाजूला वळवली जाते आणि चेंडू तिच्या विरुद्ध दिशेला ढकलला जातो. यास मॅग्नस परिणाम म्हणतात. पुढच्या दिशेने फिरकी दिलेला चेंडू यामुळेच लवकर खाली येतो. लव झिजून गुळगुळीत झालेला चेंडू हवेतून अधिक वेगाने जातो.

टिकाऊपणा

रबर अखंड दिसले तरी वायूचे रेणू त्यात विरघळून हळूहळू बाहेर पडतात. हे टाळण्यासाठी चेंडू दाबयुक्त बंद डब्यात विकले जातात. आत व बाहेर दाब सारखा असल्याने हवा निसटत नाही. व्यावसायिक सामन्यांत सामान्यतः पहिल्या ७ आणि नंतर दर ९ गेमनंतर चेंडू बदलले जातात. सरावासाठी दाबरहित चेंडूही मिळतात. त्यांची उसळी मुख्यतः जाड रबरी कवचावर अवलंबून असल्याने ती दीर्घकाळ टिकते; मात्र ते हाताला अधिक कठीण जाणवतात.

पुनर्वापर

व्हल्कनीकरण केलेले रबर वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही, शिवाय कापड त्याला घट्ट चिकटलेले असते. त्यामुळे जुन्या चेंडूंवरील प्रक्रिया अवघड ठरते. काही चेंडू मात्र खेळातच राहतात. महाराष्ट्रातील गल्लीबोळांत टेनिस चेंडूने क्रिकेट खेळले जाते आणि लव झिजलेला चेंडूही तेथे चालतो.