गाडीचे भाडे आणि प्राप्तिकर

घरची गाडी अधूनमधून भाड्याने दिली, तर ते पैसे प्राप्तिकर विवरणपत्रात ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून दाखवायचे. नियमित धंदाच केला, तर ‘व्यवसायाचे उत्पन्न’ म्हणून. कर सगळ्या भाड्यावर लागत नाही. दुरुस्ती, विमा आणि घसारा वजा होतो, पण भाड्याच्या वापरापुरताच. गणपतीला कोकणात गेलात, तो खर्च यात धरू नका. घसाऱ्याचा दर एरवी 15 टक्के, गाड्या भाड्याने चालवण्याचाच व्यवसाय असेल तर 30. भाड्याचा आणि घरचा वापर वेगळा दाखवता यावा म्हणून किलोमीटरची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि कर भरला म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे कायदेशीर ठरत नाही. ग्राहकाने स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात.