कर्बवायूचा खर्च कोणाच्या माथी?

धुरातील कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याचे रसायनशास्त्र नवे नाही. अमाइन या नत्रयुक्त संयुगांच्या द्रावणात हा वायू धरून ठेवता येतो, हे दाखवणारे पेटंट अमेरिकेत १९३० सालीच दिले गेले होते आणि नैसर्गिक वायू शुद्ध करणारे कारखाने ही पद्धत अनेक दशके वापरत आले आहेत. निवळलेला धूर एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात, वरून अमाइनचे द्रावण झिरपते आणि वायू शोषून घेते. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की शोषलेला वायू मोकळा होतो आणि द्रावण पुन्हा कामाला लागते. खरी मेख या तापवण्यात आहे. त्यासाठी लागणारी वाफ औष्णिक केंद्राच्या बाष्पकातूनच घ्यावी लागत असल्याने आणि वायू दाबण्यासाठीही वीज खर्ची पडत असल्याने केंद्राच्या विक्रीयोग्य विजेतील पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, या एका कामात जातो. तंत्रज्ञान चालते की नाही, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो आणि पकडलेल्या प्रत्येक टनाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न पुढे येतो.

उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या स्लाइप्नर वायुक्षेत्राने हा प्रश्न सर्वांत आधी सोडवला, तो बऱ्याच अंशी अनुकूल परिस्थितीमुळे. तेथील नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड असे आणि विक्रीसाठी तो अडीच टक्क्यांवर आणणे भागच होते. म्हणजे वेगळा काढण्याचा खर्च काही झाले तरी करावाच लागणार होता. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर लागू केल्यावर वेगळा काढलेला वायू हवेत सोडणे महाग पडू लागले आणि १९९६ पासून तो समुद्रतळाखाली ८०० ते १,००० मीटर खोल असलेल्या, खारे पाणी भरलेल्या वालुकाश्मात सोडला जाऊ लागला. एवढ्या खोलीवर दाब आणि तापमान यांमुळे वायू जवळजवळ द्रवाइतका दाट होतो, थोड्या जागेत पुष्कळ मावतो आणि वर असलेला शेल खडकाचा अभेद्य थर त्याला निसटू देत नाही. दरवर्षी १० लाख टनांच्या आसपास वायू तेथे गाडला गेला.

जेथे असा कर नव्हता तेथे तेलाने गिऱ्हाईक पुरवले. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा हा सुमारे १०० कोटी डॉलरचा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा कोळशाच्या धुरातून पकडलेला वायू नळाने सुमारे १३० किलोमीटर दूर नेऊन जुन्या तेलविहिरींत सोडला जाई, कारण त्याच्या रेट्याने खडकात अडकून राहिलेले तेल बाहेर येते. तेलाचे भाव कोसळल्याने मे २०२० मध्ये प्रकल्प बंद ठेवावा लागला. तो पुन्हा सुरू झाला २०२३ मध्ये. हवामान वाचवण्यासाठी उभारलेली यंत्रणा तेलाचा भाव चढला तरच परवडावी, यातील विसंगती वेगळी सांगण्याची गरज नाही. कॅनडातील बाउंडरी डॅम केंद्रात २०१४ पासून असाच वायू पकडून मुख्यतः तेलक्षेत्राला विकला जातो. मात्र वर्षाला १० लाख टनांचा मूळ संकल्प तेथे बहुतेक वर्षी पुरा झालेला नाही.

वायू गाडण्याऐवजी वापरावा, हा पर्याय ऐकायला आकर्षक आहे. तमिळनाडूत तुतिकोरीन येथे २०१६ पासून कोळशाच्या बाष्पकातील वायू पकडून सोडा ॲश बनवण्याची, वर्षाला सुमारे ६०,००० टन क्षमतेची यंत्रणा उभी राहिली आणि तीही सरकारी अनुदानाविना, याचे कौतुक रास्त आहे. तरीही हाच सोडा काचेच्या भट्टीत गेला की कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटतो. युरियात बांधलेला वायूही शेतात पडल्यावर थोड्याच काळात हवेत परततो. वापर हा अनेकदा केवळ मुक्काम असतो.

सिमेंटची गोष्ट वेगळी. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो आणि सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग हाच असल्याने इंधन बदलून तो टळत नाही. नॉर्वेतील ब्रेविक येथे २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन वायू पकडणारी यंत्रणा सुरू झाली. तो वायू जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर आणि तेथून नळाने समुद्रतळाखाली सुमारे २,६०० मीटरवर पोहोचवला जातो. या साखळीच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीने उचलला आहे.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो पायाखालच्या काळ्या पाषाणातून. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रयोगात पाण्यात विरघळवलेला वायू बेसाल्टमध्ये सोडला असता दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग कॅल्साइटसारख्या खनिजांत बदलला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांची आम्लधर्मी पाण्याशी होणारी ही अभिक्रिया आहे. दख्खनच्या पठारावर विहीर खणताना बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटबरोबर कॅल्साइटचे पांढरे स्फटिक सापडतात, तेही खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानेच घडवलेले. सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा खडक म्हणूनच संशोधकांच्या नजरेत आहे आणि मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे राष्ट्रीय केंद्रही आहे. परंतु त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते आणि मराठवाड्यासारख्या भागात ते मागण्याचे धाडस कोणी करणार नाही. खोल खडकातील द्रवाचा दाब वाढवणे, धरणाच्या जलाशयाशी जोडल्या गेलेल्या कोयनेच्या १९६७ च्या भूकंपानंतर, येथे सहज घेण्याचा निर्णयही नव्हे. समुद्राचे पाणी वापरून हीच अभिक्रिया साधण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते यशस्वी झाले तर कोकण किनारपट्टीचा बेसाल्ट उपयोगी पडू शकेल. मात्र २,९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र त्या किनाऱ्यापासून ६०० किलोमीटरहून दूर आहे आणि तेवढ्या लांबीच्या नळाचा खर्च विजेच्या बिलात धरायचा की अर्थसंकल्पात, हे आधी ठरवावे लागेल.