फाशीच्या घोषणेआधीचे बारा तास

२० ऑगस्ट २०२४ च्या सकाळी बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. नऊ तासांच्या आसपास लोकल ठप्प होती, लांब पल्ल्याच्या गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. गर्दीत कुणी फाशीचा दोर आणून टांगला होता. मंत्री समजूत घालायला आले, पण लोक ऐकेनात. शेवटी दगडफेक झाली, लाठीमार झाला, कितीतरी जणांना अटक झाली.

हा राग उगाच आला नव्हता. शाळेच्या स्वच्छतागृहात जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार होती. ती लिहून घ्यायला पोलीस ठाण्याने सुमारे बारा तास लावले होते. लोक चिडले ते या बारा तासांमुळे. पण संध्याकाळपर्यंत घोषणा एकच उरली होती: फाशी द्या. ते बारा तास, त्याआधी शाळेत गेलेले दिवस आणि मुलींच्या सोबत स्वच्छतागृहात कोण जात होतं हा प्रश्न मागे पडला. मुलांचं संरक्षण नेमकं तिथेच होतं किंवा हुकतं. आपल्या मनात पक्के बसलेले काही समज तपासायला हवेत ते यासाठीच.

“कुणीतरी बाहेरचा विकृत माणूस असतो”

नसतो, बहुतेक वेळा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ सांगितला. छळ करणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. पोलिसांत नोंद झालेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे निघतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात. काका, शेजारी, शिकवणीचे सर, रिक्षावाले काका. ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस’ एवढंच मुलांना शिकवलं, तर खऱ्या धोक्याबद्दल आपण त्यांना काहीच सांगितलेलं नसतं.

आणि हे फक्त मुलींच्याच बाबतीत घडतं असंही नाही. त्याच अभ्यासात छळ सांगणाऱ्यांमध्ये मुलग्यांचं प्रमाण निम्म्याहून थोडं जास्तच होतं. म्हणूनच मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला पॉक्सो कायदा ‘मूल’ म्हणतो. अठरा वर्षांखालचा मुलगा असो वा मुलगी, त्यात फरक करत नाही. घरी मात्र आपण मुलग्याला ‘रडतोस काय’ म्हणून गप्प करतो.

“अंगावर खूण नाही, म्हणजे काही झालं नसेल”

डॉक्टरांना जखम सापडली नाही, एवढ्यावरून मूल खोटं ठरत नाही. छळाचे कितीतरी प्रकार शरीरावर काहीच मागे ठेवत नाहीत, आणि छोट्या जखमा लवकर भरून येतात. कायद्याला जखमेची अट नाही. लैंगिक हेतूने केलेला स्पर्शही पॉक्सोखाली गुन्हा आहे.

हा मुद्दा महाराष्ट्रातच एकदा फार वाईट रीतीने अडला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका निकालात म्हटलं, की कपड्यावरून केलेला स्पर्श पॉक्सोतल्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही, कारण त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही. मुलगी बारा वर्षांची होती. देशभर लोक हादरले. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि सांगितलं, की पाहायचा तो हेतू, कापड नव्हे. तरीही ‘कपड्यावरूनच तर होतं’ हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येतं.

“शाळेनं आधी आपली चौकशी करावी, मग बघू”

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या समजाने होतं. मूल आईला सांगतं, आई वर्गशिक्षिकेला, वर्गशिक्षिका मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक संस्थाचालकांना. मग बैठक होते. शाळेच्या नावाची चर्चा होते. त्या माणसाला बोलावून विचारलं जातं, तो अर्थातच नाही म्हणतो. मुलीला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं जातं, आणि प्रत्येक वेळी समोर बसलेला माणूस तिला जरा मोठा, जरा जास्त अविश्वास दाखवणारा वाटतो. तोवर कपडे धुतले जातात, कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं जातं.

कायद्यात या बैठकीला जागाच नाही. पॉक्सोचं कलम १९ सांगतं, की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडण्याची भीती वाटली, त्याने पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. खात्री करून मग कळवा, असं कायदा म्हणत नाही. न कळवणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. शंका चुकीची निघाली, तरी सद्हेतूने कळवल्याबद्दल त्याला कोर्टात खेचता येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं एक प्रकरण इथे आठवलं पाहिजे. शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. त्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने काही कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि स्पष्ट केलं, की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, कारण तिथूनच पुढची सगळी कारवाई सुरू होते. बदलापुरातही शाळेच्या विश्वस्तांवर न कळवल्याचाच गुन्हा दाखल झाला. न कळवणं गुन्हा असतो ही गोष्ट मोर्चात फार कुणाला ठाऊक नव्हती. पालकसभेत ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी.

पोलिसांनाही हेच कलम लागू आहे. आलेली माहिती नोंदवली नाही, तर नोंद न करणारा शिक्षेला पात्र ठरतो. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारणही चालत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवता येतो. बदलापुरात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांसह पोलिसांना निलंबित करावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा दुसऱ्या मुलीच्या कुटुंबाचा जबाब इतके दिवस का घेतला नाही, असं विचारावं लागलं. लोक रुळांवर बसले नसते, तर हे बाहेर आलं असतं का? मला नाही वाटत. म्हणून त्या दिवसाच्या रागाला ‘राजकारण’ म्हणून बाजूला सारणं मला पटलं नाही. शहर बंद पडेपर्यंत पालकांचं कुणी ऐकत नाही, हीच खरी लाजिरवाणी गोष्ट होती.

“कॅमेरे लावले की झालं”

घटनेनंतर लगेच सरकारने शाळांना सीसीटीव्ही बसवण्याची मुदत दिली. कॅमेरा उपयोगी आहे, पण स्वच्छतागृहाच्या आत तो कधीच नसतो आणि नसावा. तिथे प्रश्न माणसाचा असतो. चार वर्षांच्या मुलीला स्वच्छतागृहात कोण नेतं? बाई आहे की पुरुष? त्या व्यक्तीला कामावर घेताना पोलिसांकडून पडताळणी झाली होती का? बदलापूरचा आरोपी कंत्राटदारामार्फत त्याच महिन्यात कामाला लागला होता. कॅमेऱ्याचं चित्रण मिळेना, हीदेखील तक्रार होती.

महाराष्ट्रात मार्च २०२२ पासून शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समिती नेमण्याचा आदेश आहे. पालक, शिक्षक, डॉक्टर किंवा समुपदेशक असे लोक त्यात अपेक्षित आहेत. आपल्या पाल्याच्या शाळेत ती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडतं, हे विचारायला मोर्चा लागत नाही.

ऐकणाऱ्या माणसाने काय फरक पडतो, हे बिहारमधल्या मुझफ्फरपूरने दाखवलं. तिथल्या बालिकागृहात चाललेलं दुष्कृत्य कॅमेऱ्याने किंवा मोर्चाने उघड केलं नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने राज्यातल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी केली, त्यातले लोक मुलींशी बोलले आणि त्यांनी ते अहवालात लिहिलं. २०१८ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने चालकाला जन्मठेप दिली.

“कायदा कडक नाही, फाशी हवी”

फाशीची तरतूद आहेच. फौजदारी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीने बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराला किमान वीस वर्षं ते फाशी अशी शिक्षा ठेवली. २०१९ मध्ये पॉक्सोतही गंभीर प्रकारांसाठी तीच आली. त्यापुढे जाणारं ‘शक्ती’ विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, पण राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर लाखोंचे मोर्चे निघाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. त्याला वर्षं उलटली, फाशी कुणाला झालेली नाही.

शिक्षेचा आकडा वाढला म्हणून गुन्हेगार थांबतो असं नाही. आपण पकडले जाऊ, या खात्रीने थांबतो. शिवाय आरोपी घरातला असतो तेव्हा फाशीची भीती मुलालाच वाटते. ‘तू बोललीस तर काकांना फासावर चढवतील’ हे वाक्य एखाद्या मुलीला आयुष्यभर गप्प करायला पुरेसं आहे. बलात्कारविषयक कायदे सुधारण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीनेही २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती.

“चकमकीत मेला, न्याय झाला”

२३ सप्टेंबर २०२४ ला बदलापूरच्या आरोपीला तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्र्याजवळ पोलीस गाडीत गोळी लागली आणि तो मेला. पेढे वाटले गेले. पोलिसांचं म्हणणं होतं, की त्याने पिस्तूल हिसकावलं. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं.

त्याच्याविरुद्धचा खटला त्याच्याबरोबर संपला. पुरावे न्यायालयात तपासले गेले नाहीत. कुणाला आधीच माहीत होतं का, आणखी मुलं होती का, हे त्याला भर न्यायालयात विचारण्याची संधी गेली. ज्यांनी कळवायला हवं होतं आणि कळवलं नाही, त्यांच्यावरची नजरही हटली. दोषी ठरवणारा निकाल त्या मुलींच्या हक्काचा होता.

“शेअर केलं तर जनजागृती होईल”

मुलाचं नाव, फोटो, घर, शेजार, शाळा, कुटुंबाची माहिती, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे; किमान सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मी इथे शाळेचं नाव लिहिलेलं नाही, ते याचसाठी.

“तक्रार केली तर पोरीला कोर्टात उभं करतील”

कितीतरी कुटुंबं याच भीतीने मागे फिरतात. कायदा प्रत्यक्षात असा आहे. जबाब घ्यायला पोलिसांनी मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी जायचं. शक्यतो महिला अधिकारी, गणवेशात नाही. मूल जे शब्द वापरील तेच शब्द लिहायचे. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. वैद्यकीय तपासणी गुन्हा नोंदण्याआधीही होऊ शकते; मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, आईवडील किंवा विश्वासाचं माणूस सोबत असताना करायची. तातडीचे उपचार देताना रुग्णालयाने पोलिसांचा कागद मागायचा नाही. न्यायालयात साक्ष बंद दालनात होते, आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही, वकिलाने प्रश्न थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे, मधे विश्रांती द्यायची, मुलाला वारंवार बोलवायचं नाही. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष ३० दिवसांत नोंदवायची आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा. वर्षभराची ही मुदत बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही, हे खरं. तारखा पडतात, न्यायाधीश बदलतात, साक्षीदार कंटाळतात. संतापाला जागा हवी असेल तर ती इथे आहे.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासोबत एक सहायक व्यक्ती नेमू शकते. ठाण्यात, रुग्णालयात, न्यायालयात ती सोबत राहते, पुढची तारीख काय आणि अंतरिम भरपाई कशी मागायची ते समजावते. पोलिसांनी २४ तासांच्या आत समितीला कळवायचं असतं. त्या क्षणी आपणहून विचारा: आमच्या मुलीसाठी सहायक व्यक्ती कोण? उत्तर मिळालं नाही तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि कुणाच्याही मुलाबद्दल शंका आली, तरी १०९८ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य लागतो.